ब्रॅडॉकची पोरं

डोंबिवली

चि. सोनू,

अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलंस, "आई, माझी नोकरी गेलीय, पिल्लाला तीन-चार महिने तुमच्याकडे ठेवू का?" मी म्हटलं, विचार करून सांगते. तुला ते लागलं असेल, कारण नातवाला हो म्हणायला आजीला कसला विचार लागतो? बाबांनी तर फोन ठेवल्या ठेवल्या खिडकीला जाळी बसवायची म्हणून टेप काढून माप घ्यायला सुरुवात केली. मी थांबले, कारण माझ्याकडे जे सांगण्यासारखं आहे ते फोनवर, मध्ये मध्ये पिल्लू स्क्रीन ओढत असताना, सांगता आलं नसतं. म्हणून लिहायला बसलेय. पत्र लांबणार आहे. तो झोपला की सावकाश वाच.

तू आधी एका सिनेमाबद्दल ऐकून घे.

पिल्लाच्या जन्माच्या वेळेला मी तुमच्याकडे अमेरिकेत आले होते तेव्हा आपण नॉर्थ बर्गनच्या त्या मोठ्या पार्कात जायचो, तळ्याकाठी बाबागाडी ढकलत. पार्काला जेम्स जे. ब्रॅडॉकचं नाव आहे. मी तेव्हा तिथला कोणी पुढारी असेल असं धरून चालले होते. तो मुष्टियोद्धा होता. जन्म १९०५चा, न्यूयॉर्कमधल्या हेल्स किचन वस्तीतला, पण वाढला आणि शेवटपर्यंत राहिला तुमच्याच त्या काठावर, हडसनच्या न्यू जर्सीकडच्या बाजूला. त्याच्यावर २००५ साली रॉन हॉवर्डने 'सिंड्रेला मॅन' नावाचा सिनेमा काढला. रसेल क्रो त्यात ब्रॅडॉक झालाय, रेने झेल्वेगर त्याची बायको मे, आणि पॉल जिआमाटी त्याचा मॅनेजर जो गुल्ड. बाबांनी गेल्या आठवड्यात तो लावला. मला मारामारी बघवत नाही. पहिल्या लढतीला मी भाजी निवडायला घेतली. थोड्या वेळाने ती ताटात तशीच राहिली.

सुरुवातीला १९२८ साल आहे. ब्रॅडॉक तरुण, जिंकतोय, घर छान, बायको हसरी. तो रात्री झोपायच्या आधी घड्याळ, पाकीट, दागिने ड्रेसिंग टेबलावर ठेवतो. कॅमेरा त्या टेबलावरून सरकत जातो आणि सरकता सरकता टेबलच बदलतं. साल १९३३. तळघरातली एक खोली, तेच कुटुंब, आता तीन मुलं. मधल्या वर्षांत काय झालं हे कोणी बोलून सांगत नाही. मला हे फार खरं वाटलं. आपल्या घरातही ती वर्षं कोणी बोलून सांगितली नाहीत.

खऱ्या ब्रॅडॉकचं झालं ते असं. जुलै १९२९मध्ये टॉमी लॉफ्रनविरुद्ध लाइट हेवीवेट या वजनगटाच्या विजेतेपदाची लढत त्याने १५ फेऱ्यांनंतर गुणांवर गमावली. काही महिन्यांत शेअर बाजार कोसळला. त्याने साठवलेलं सगळं गेलं. त्याची खरी ताकद उजव्या हातात, आणि तो हात पुन्हा पुन्हा मोडत राहिला. त्या पराभवानंतरच्या ३३ लढतींपैकी २० तो हरला. घरात पैसे नाहीत म्हणून हात बरा व्हायच्या आत तो पुन्हा उतरायचा, म्हणून हात पुन्हा मोडायचा. सप्टेंबर १९३३च्या एका लढतीत तो हात पुन्हा गेला, लढत इतकी रटाळ झाली की ती रद्द ठरवली आणि मानधन अडवून ठेवलं. सिनेमात त्याचा परवानाच काढून घेतात.

मग तो हडसनच्या गोदीवर हमालीला जातो. फाटकाबाहेर पहाटे पुरुषांचा घोळका उभा असतो, मुकादम येतो आणि बोट दाखवतो, तू, तू आणि तू. बाकीचे घरी. ब्रॅडॉकच्या उजव्या हाताला प्लास्टर. ते दिसलं तर काम मिळणार नाही म्हणून त्याला बुटाचं काळं पॉलिश फासलेलं. हा प्रसंग लागला तेव्हा मी बाबांना म्हटलं, हे गिरणीचं गेट आहे. आप्पा, म्हणजे तुझे आजोबा, आधी बदली कामगार म्हणून लागले होते. बदलीवाले सकाळच्या पाळीला गेटवर जाऊन उभे राहायचे, कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असेल तर आत घ्यायचे, नसेल तर परत. आजी म्हणायची, आप्पा किती वाजता घरी येतात यावरून मला कळायचं आज चूल कशी पेटवायची ते.

आता मी तुला जे कधी नीट सांगितलं नाही ते सांगते.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले. दिवाळीपर्यंत मिटेल म्हणता म्हणता दिवाळी गेली, पुढचंही वर्ष निघालं. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. लालबागच्या आमच्या चाळीत एकेका खोलीला कुलूप लागायला लागलं. माणसं गावी गेली, कोकणात, साताऱ्याकडे. आमच्याकडची तांब्याची भांडी आधी गेली, मग आजीच्या हातातल्या पाटल्या. आप्पा काम शोधत फिरायचे आणि आजी दादरला दोन घरची धुणीभांडी करायची. मी तिसरीत होते. तुझा मामा तेव्हा अंगावर पिणारा, म्हणून तो मुंबईत राहिला आणि मी संगमेश्वरला माझ्या मामाकडे गेले.

मला तिथे कोणी वाईट वागवलं नाही. मामीने तर स्वतःच्या पोरींच्या आधी मला वाढलं. आंबे होते, पऱ्ह्या होता, शाळा होती. पण मला कोणी का पाठवलं ते सांगितलं नव्हतं, आणि आठ-नऊ वर्षांचं पोर कारण स्वतःच शोधतं. मला वाटायचं, मी रात्री दुसरी भाकरी मागितली म्हणून मला पाठवलं. म्हणून मी मामाकडे एकच घ्यायचे. मामी म्हणायची, पोरीची भूकच मेली बघा. आप्पांनी परत नेलं तेव्हा मी आईला कितीतरी दिवस चुकून मामी म्हणत होते. ती काही बोलायची नाही. नुसती 'ओ' द्यायची.

सिनेमात ब्रॅडॉकचा थोरला मुलगा खाटकाच्या दुकानातून सॉसेजचा एक तुकडा चोरतो. बाप त्याला घेऊन दुकानात जातो, तो परत करायला लावतो. रस्त्यात मग मुलगा रडत सांगतो की त्याच्या मित्राला नातेवाइकांकडे पाठवून दिलंय, कारण घरात खायला नाही. बाप खाली बसतो आणि त्याला शब्द देतो, आम्ही तुला कधीच पाठवणार नाही. सोनू, मला तिथे पुढचं दिसेना. बाबांनी सिनेमा थांबवला आणि चहा केला. ते काही विचारत नाहीत ते बरं.

आणि पुढे काय होतं, तर पाठवावंच लागतं. वीज कापलेली, थंडी, एका पोराला ताप. ब्रॅडॉक कामावर असताना मे मुलांना तिच्या माहेरच्या माणसांकडे पोचवून येते. तो घरी येतो तर खोली रिकामी. तो तिच्यावर चिडतो, म्हणतो मी त्याला शब्द दिला होता. इथे सिनेमाने दोघांपैकी कोणालाही चुकीचं ठरवलेलं नाही, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. तापलेल्या पोराला गारठ्यात ठेवणारी आई शहाणी नव्हे. आणि पोराला दिलेला शब्द मोडला याचं दुःख करणारा बापही वेडा नव्हे. माझ्या आईवडिलांनी मला पाठवलं तेही चूक नव्हतं. हे मी आज मनापासून लिहितेय. त्यांच्याकडे दुसरा रस्ता नव्हता.

त्यानंतर ब्रॅडॉक जे करतो, त्यासाठीच मी हे पत्र लिहितेय.

तो मदत केंद्राच्या रांगेत उभा राहतो. सरकारी मदत, बेकारांसाठीची. एके काळी ज्याचं नाव वर्तमानपत्रात यायचं तो माणूस खिडकीशी जाऊन पैसे घेतो. तेही पुरत नाहीत. मग तो मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या त्या खोलीत जातो, जिथे बॉक्सिंगच्या धंद्यातले पैसेवाले, मॅनेजर, लढती ठरवणारे लोक बसतात. ज्यांनी त्याला रिंगबाहेर काढलं तेच. डोक्यावरची टोपी काढून हातात धरतो आणि सांगतो, माझी मुलं मला घरी आणायचीत, वीज सुरू करायला पैसे हवेत. एकेकापुढे टोपी नेतो. कोणी नाणी टाकतं, कोणी नजर चुकवतं. शेवटी जो गुल्डपाशी येतो. गुल्ड विचारतो किती कमी पडतायत, आणि देतो.

त्या गुल्डची गोष्टही ऐक. मे एकदा तावातावाने त्याच्या घरी जाते. तिला वाटतं हा आपल्या नवऱ्याला मार खायला पाठवतो आणि स्वतः चांगल्या इमारतीत राहून सूट घालून फिरतो. दार उघडतं आणि आत काहीच नाही. सगळं सामान विकलेलं. तो आणि त्याची बायको रिकाम्या खोल्यांत राहतायत, फक्त बाहेर कळू देत नाहीत. मे काही न बोलता बसते. जिआमाटीला या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि माझ्या मते ते या एका दारासाठीसुद्धा द्यायला हरकत नव्हती.

आप्पांचंही असंच काही झालं. हे मला आजीने सांगितलं. आप्पांनी कधीच नाही. आप्पा चाळीतल्या भजनी मंडळाचे बुवा, मान मोठा, कोणापुढे हात पसरणं त्यांना माहीत नव्हतं. संपाच्या दुसऱ्या वर्षी ते गावकरी मंडळाच्या खोलीवर गेले, जिथे त्यांच्याच गावचे पंधरा-वीस लोक एकत्र राहायचे, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, मला पोरगी परत आणायची आहे, शाळेची फी आणि दोन महिन्यांचं रेशन एवढं हवं. त्या खोलीतले निम्मे स्वतः संपावर होते. तरी पैसे जमले. आप्पा संगमेश्वरला मला न्यायला आले तेव्हा आमची परिस्थिती जराही सुधारलेली नव्हती. वॉचमनची नोकरी त्यांना लागली ती पुढे, कितीतरी महिन्यांनी. मी परत आले ती आप्पांनी मागितलं म्हणून.

लोक ब्रॅडॉकची एक गोष्ट फार कौतुकाने सांगतात, की पुढे पैसे आल्यावर त्याने सरकारी मदतीचे सगळे पैसे परत केले. ते खरं आहे, सिनेमातही आहे. पुन्हा त्याच रांगेत उभा राहून तो नोटांची गड्डी खिडकीत सरकवतो. छानच आहे ते. पण मला त्याचं मोठेपण परत करण्यापेक्षा घेण्यात जास्त दिसलं. परत करताना खिसा भरलेला असतो. घेताना आपण कोण होतो हे त्या खोलीतल्या सगळ्यांना आठवत असतं.

तू नोकरी गेल्याचं आम्हाला इतक्या उशिरा सांगितलंस याचा मला राग नाही. पण तू मधल्या काळात रोज ठरल्या वेळी फोन करत होतीस, ऑफिसच्या गमती सांगत होतीस, मागे लॅपटॉप उघडा ठेवत होतीस, हे कळल्यावर मी रात्रभर बसून होते. इतकं एकटं कशासाठी राहिलीस? तुला वाटलं असेल आईबाबांना काळजी नको. बाळा, काळजी करणं हे आमचं कामच आहे, ते आमच्याकडून काढून घेऊ नकोस.

आता पुढचं सांगते, म्हणजे तुला ब्रॅडॉकचं काय झालं ते कळेल.

१४ जून १९३४. लाँग आयलंड सिटीच्या उघड्या मैदानात मोठी लढत होती मॅक्स बेअर आणि प्रिमो कार्नेराची. त्याआधीच्या एका लढतीत कॉर्न ग्रिफिनपुढे उभं करायला कोणीतरी हवं होतं. दोन दिवस आधी ब्रॅडॉकला विचारलं. सरावाला वेळ नाही, अंगात ताकद नाही. सिनेमात तो लढतीआधी उपाशी असतो, हात बांधून झालेले असतात, म्हणून ताटलीत तोंड घालून खातो. आणि तिसऱ्या फेरीत तो ग्रिफिनला संपवतो. सगळ्यांना प्रश्न पडला, याचा डावा हात असा कधी झाला? गोदीवर उजवा हात मोडलेला असल्याने सगळी ओढाताण त्याने डाव्याने केली होती. नोव्हेंबरात त्याने जॉन हेन्री लुईसला हरवलं, ज्याने त्याला आधी हरवलं होतं. मार्च १९३५मध्ये आर्ट लास्कीला. आणि १३ जून १९३५ला, त्याच मैदानात, जगज्जेत्या मॅक्स बेअरला. पैजा लागल्या होत्या दहास एक, म्हणजे हा हरणार हे जवळजवळ गृहीत. पंधरा फेऱ्या डाव्या हाताने टोचत, बेअरच्या उजव्यापासून सरकत राहिला. निकाल एकमताने त्याच्या बाजूने लागला. डॅमन रनियन नावाच्या पत्रकाराने त्याला 'सिंड्रेला मॅन' म्हटलं ते यासाठी.

हे डाव्या हाताचं मला आवडलं, पण ते मी तुला उपदेश म्हणून सांगत नाहीये. संकटातून माणूस घडतो असं लोक म्हणतात, तसं मी म्हणणार नाही. मी संप पाहिलाय. संपात माणसं घडली त्याहून कितीतरी मोडली. आमच्या मजल्यावरचे एक काका दारूत गेले, एकाचा मुलगा वाईट संगतीत गेला, कित्येकजण गावी गेले ते पुन्हा कधी भेटलेच नाहीत. हा सिनेमाही ते लपवत नाही. गोदीवर ब्रॅडॉकचा एक सोबती आहे, आधी शेअरबाजारात दलाल होता. दोघं एकत्र पोती ओढतात. त्याला डावा हात सापडत नाही. तो बायको-पोरीला सोडून भरकटतो आणि सेंट्रल पार्कमध्ये बेघरांच्या झोपड्यांमधल्या गोंधळात मरतो. हे पात्र सिनेमाने रचलेलं आहे, पण असे लोक त्या काळात खरेच तिथे झोपड्या टाकून राहत होते. त्याच्यात आणि ब्रॅडॉकमध्ये फरक काय? मेहनतीचा नाही. मला वाटतं, एकाने टोपी पुढे केली आणि दुसऱ्याने नाही. आणि थोडा नशिबाचा, तोही मान्य करायला हवा.

एक गोष्ट मात्र या सिनेमाने वाईट केली आणि ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मॅक्स बेअरला त्यांनी खलनायक केलंय. त्याच्या ठोशांनी दोन माणसं मेली आणि त्याला त्याचं काही नाही, उलट तो ब्रॅडॉकच्या बायकोला म्हणतो, तू विधवा व्हायला फारच सुंदर आहेस. सिनेमा संपल्यावर बाबांनी शोधून वाचून दाखवलं. फ्रँकी कँबेल नावाचा मुष्टियोद्धा ऑगस्ट १९३०मध्ये बेअरशी लढल्यावर मेला, हे खरं. पण बेअर त्यातून कधी सावरला नाही. कँबेलच्या कुटुंबासाठी त्याने पैसे दिले, त्या रात्रीची स्वप्नं त्याला पडत राहिली असं सांगतात. दुसरा, एर्नी शाफ, हा बेअरकडून हरल्यानंतर काही महिन्यांनी, १९३३मध्ये, कार्नेराशी लढून गेला. आणि हाच बेअर जून १९३३मध्ये हिटलरच्या जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगविरुद्ध ज्यूंचा सहा टोकांचा तारा चड्डीवर शिवून उतरला होता आणि जिंकला होता. बेअरच्या मुलाला हा सिनेमा बघून वाईट वाटलं, आणि त्याने ते जाहीर बोलून दाखवलं. मला त्या मुलाचं पटतं. ब्रॅडॉकच्या गोष्टीला राक्षसाची गरजच नव्हती. उपासमार होती, कापलेली वीज होती, दुधात पाणी घालणारी आई होती. एवढं असताना आणखी कोणाला वाईट कशाला करायचं?

हे तुझ्यासाठीही आहे. ज्या बाईने व्हिडिओ कॉलवर कागद वाचून तुला काढलं तिच्याबद्दल तू परवा जे बोललीस, ते ऐकलं मी. तुझा संताप बरोबर आहे. माझाही झाला. पण तिला मनात घेऊन बसू नकोस. तुला आता त्या जागेत दुसरं बरंच काही ठेवायचंय.

बेअरशी लढतीच्या आधी पत्रकार ब्रॅडॉकला विचारतात, या वेळी तू असा वेगळा का लढतोयस, कशासाठी? तो म्हणतो, दुधासाठी. लोक हसत नाहीत. त्या खोलीतल्या सगळ्यांना कळतं. आधीचा एक प्रसंग आहे, सकाळी ताटात मांसाची एकच चकती उरलीय आणि धाकटी पोरगी अजून भुकेली आहे. बाप तिला सांगतो, मला रात्री स्वप्न पडलं, रिट्झ हॉटेलात बसून मी एवढं खाल्लं, एवढं खाल्लं की आता पोटात जागाच नाही, तू खा ही. मी बाबांना म्हटलं, आजी हेच सांगायची. तिचा उपास असायचा. संकष्टी, गुरुवार, शनिवार. तेव्हा मला वाटायचं आजी फार देवभोळी आहे.

विजेतेपद ब्रॅडॉककडे दोनच वर्षं राहिलं. जून १९३७मध्ये शिकागोत जो लुईसने त्याला आठव्या फेरीत खाली पाडलं. पहिल्या फेरीत ब्रॅडॉकने लुईसलाच पाडलं होतं म्हणे. पुढे महायुद्धात तो सैन्यात अधिकारी झाला, नंतर यंत्रांच्या कामात पडला, व्हेराझॅनो पूल बांधणाऱ्यांतही तो होता. आपण त्या पुलावरून गेलोय, स्टेटन आयलंडला जाताना. १९७४ साली तो नॉर्थ बर्गनमध्येच गेला. म्हणजे जगज्जेता होऊन पुन्हा कामगार झाला, आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटला असं कुठेच दिसत नाही.

सिनेमा बेअरच्या लढतीवर संपतो, टाळ्या, आनंद, चर्चमध्ये जमलेली वस्ती. मला विचारशील तर तो आधीच संपला होता, टोपीत पैसे जमल्यावर आणि मुलं घरी आल्यावर. वीज आलेली असते, पोरं दारातून आत येतात. विजेतेपदाचा पट्टा मिळाला नसता तरी ब्रॅडॉक माझ्यासाठी तेवढाच राहिला असता.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

पिल्लाला एकट्याला पाठवू नकोस. तो चार वर्षांचा आहे, कारण शोधायचं वय येतंय त्याचं. तुम्हाला वाटेल आजीआजोबांकडे मजेत राहील, आणि राहीलही, बाबा त्याला रोज लोकल दाखवायला नेतील. पण तो रात्री काय विचार करेल ते तो आम्हाला सांगणार नाही. आप्पांकडे दुसरा रस्ता नव्हता. तुझ्याकडे आहे. मी येते.

माझा व्हिसा अजून चार वर्षं चालतो. मी येते आणि त्याच्याकडे बघते, तू सकाळी दार लावून बस आणि अर्ज कर, मुलाखती दे. जावईबापूंना त्यांच्या एच-फोर व्हिसावर, म्हणजे तुझ्या नोकरीमुळे मिळालेल्या जोडीदाराच्या व्हिसावर, काम करता येत नाही म्हणून त्यांची जी घुसमट होतेय ती मला फोनवरही कळते. त्यांच्याशी मी बोलेन, तू मध्ये पडू नकोस. स्वयंपाक ते फार छान करतात, मी आले म्हणून तो मी बंद करायला लावणार नाही.

नोकरी गेल्यावर तिथे राहून दुसरी शोधायला तुझ्याकडे ६० दिवस होते, त्यातले बरेच गेले. उरलेल्यात नोकरी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर तिघंही या. तिघंही, एकत्र. मागची खोली रिकामी आहे. घरी परत आलीस तर कोण काय म्हणेल याचा विचार करू नकोस, आमच्या इमारतीत कोणाच्या घरात काय चाललंय हे मला माहीत आहे, कोणीही काही म्हणण्याच्या परिस्थितीत नाही.

बाबांच्या एफडीबद्दल तू "ती मोडायची नाही" असं दरडावून सांगितलंस. ती अशाच वेळी मोडायची असते. तिकिटाचे पैसे त्यातून जातील, आणि तुमच्या दोन महिन्यांच्या भाड्यापुरते बाबा पाठवतील. तू ते घेशील. हिशोब लिहून ठेव, जमेल तेव्हा परत कर, नाही जमलं तर राहू दे.

आणि आजपासून लोकांना सांगायला सुरुवात कर. एडिसनला तुझी कॉलेजची मैत्रीण आहे, तिच्या नवऱ्याच्या कंपनीत माणसं घेतायत असं तूच मला दिवाळीत सांगितलं होतंस. तिला अजून कळवलं नाहीस ना? आज कळव. तिथल्या मराठी मंडळात तू गणपतीला एवढं राबलीस, तिथल्या काकांना फोन कर, त्यांची ओळख मोठी आहे. तुझ्या जुन्या टीममधले जे आधीच दुसरीकडे गेलेत त्यांना लिही. स्पष्ट शब्दांत लिही, नोकरी गेली आहे, अमुक तारखेपर्यंत वेळ आहे, तुमच्याकडे काही असेल तर सांगा. काहीजण उत्तर देणार नाहीत. त्यांना सोड आणि पुढच्याला लिही.

पिल्लाला खरं सांग. त्याच्या भाषेत सांग, पण सांग, की आईचं काम थांबलंय, आई नवीन शोधतेय, आणि यात त्याने काही केलेलं नाही. हे शेवटचं नक्की सांग, त्याने विचारलं नाही तरी.

बाबा मुंबई-नेवार्कची तिकिटं बघतायत. तुझ्या मुलाखतींच्या तारखा आज रात्रीच कळव, म्हणजे त्याआधी पोचता येईल. थालीपीठाची भाजणी आणि मेतकूट आणतेय, आणखी काय हवं ते लिही. खिडकीच्या जाळीचं काम बाबा तरीही करून घेतायत. मी अडवलं नाही.

तुझी,
आई